अपघाताचा चार्ट: निदानाच्या ओळीआधी हकिकत वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात बसून अमेरिकन हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी विभागाचे चार्ट (रुग्णाच्या वैद्यकीय नोंदी) कोड करणाऱ्या, म्हणजे निदान आणि उपचार विमा क्लेमसाठी ठरावीक कोडांत मांडणाऱ्या, सहा महिने अनुभव असलेल्या कोडरला सर्वांत जास्त ऑडिट एरर वाहन अपघाताच्या चार्टांवर येत आहेत. इजेच्या आयसीडी-१०-सीएम (निदानांच्या अमेरिकन कोडयादीतल्या) कोडाचं शेवटचं, सातवं अक्षर ‘ए’ लावायचं की ‘डी’, बाह्य कारणांचे कोड किती लावायचे, आणि निदानाचे कोड बरोबर असूनही क्लेम परत का येतो, हे विचारलं आहे.

तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. नवीन कोडर फायनल डायग्नोसिसची (अंतिम निदानाची) ओळ आधी वाचतो आणि तिथेच थांबतो. अपघाताच्या चार्टात ती ओळ सर्वांत गरीब असते. कोडला लागणारा मालमसाला एचपीआयमध्ये (दुखण्याच्या हकिकतीत), प्रोसिजर नोटमध्ये आणि डॉक्टरांच्या निर्णयाच्या परिच्छेदात, म्हणजे एमडीएममध्ये, पडलेला असतो. त्यामुळे वाचायचा क्रमच उलटा करा: आधी हकिकत, मग तपासणी, मग प्रोसिजर, मग एमडीएम, आणि शेवटी निदानाची ओळ. (खाली कोड देवनागरीत लिहिले आहेत, एन्कोडरमध्ये, म्हणजे कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचे.)

नमुन्यादाखल एक चार्ट जवळून पाहू. निदानाच्या ओळीत आहे: ‘एमव्हीए, मानदुखी, हेड इंज्युरी, कपाळावर लॅसरेशन’ (एमव्हीए म्हणजे मोटार अपघात, लॅसरेशन म्हणजे फाटलेली जखम). एवढ्यावर कोड केला तर मानदुखीला एम५४.२, डोक्याला एस०९.९०एक्सए आणि जखमेला एस०१.८१एक्सए असे तीन कोड निघतात. आता चार्ट उघडा. एचपीआय सांगतो की ३४ वर्षांची महिला स्वतः गाडी चालवत होती, सीटबेल्ट लावलेला होता, गावातल्या चौकात डावीकडून एसयूव्ही येऊन आदळली, खिडकीची काच फुटली, शुद्ध हरपली नाही. तपासणीत मानेच्या मागच्या स्नायूंवर दाबल्यावर दुखतंय, मणक्यावर दुखत नाही. प्रोसिजर नोटमध्ये कपाळावर डाव्या बाजूला ३.२ सेंटिमीटरची जखम, काचेचे दोन बारीक तुकडे काढले, आतल्या थराला विरघळणारे टाके आणि वर नायलॉनचे. एमडीएममध्ये डॉक्टर लिहितात: सौम्य कन्कशन (मार लागून मेंदूला बसलेला धक्का), डोक्याचा सीटी नॉर्मल, सर्व्हायकल (मानेचा) स्ट्रेन.

आता तीनही कोड बदलतात. कन्कशन डॉक्टरांनी ठामपणे लिहिलं आहे आणि शुद्ध हरपली नाही हेही लिहिलं आहे, म्हणून एस०६.०एक्स०ए. जखमेत काच होती, म्हणून ‘फॉरेन बॉडीसह’ (बाहेरच्या वस्तूसह) असा एस०१.८२एक्सए. मान ‘दुखते’ एवढंच नाही, स्ट्रेन आहे, म्हणून एस१६.१एक्सएक्सए. क्रम लावताना सर्वांत गंभीर इजा पहिली, म्हणजे इथे कन्कशन. कपाळावर जखमेशेजारी खरचटलंही असेल तर ते वेगळं कोड करायचं नाही; त्याच जागी मोठी इजा असताना वरवरची इजा त्यात सामावते.

स्ट्रेन आणि स्प्रेन या दोन शब्दांवर बरेच गुण जातात. स्ट्रेन म्हणजे स्नायू किंवा टेंडन, मानेसाठी एस१६.१. स्प्रेन म्हणजे लिगामेंट, मानेसाठी एस१३.४. ‘व्हिपलॅश’ (मानेला मागे-पुढे बसलेला झटका) हा शब्द कोडबुकाच्या इंडेक्समध्ये स्प्रेनकडे नेतो. डॉक्टरांनी दोन्ही लिहिलं असेल तर दोन्ही कोड लागतात. फक्त ‘अपघातानंतर मानदुखी’ लिहिलं असेल तर तुम्ही मनाने स्ट्रेन करायचं नाही, एम५४.२ वरच थांबायचं. इजा झाली असं डॉक्टर म्हणत नाहीत तोवर मानेच्या अनिर्दिष्ट इजेचा एस१९.९ सुद्धा लावायचा नाही. एमव्हीए चार्टावर ‘एम’चा (स्नायू-हाडांच्या आजारांचा) कोड पाहून ऑटो विमा कंपनी हे दुखणं जुनं तर नाही ना असं विचारते, हे खरं; पण त्यावरचा उपाय डॉक्टरांना नीट लिहायला सांगणं हा आहे, कोड फुगवणं हा नाही.

डोक्याच्या बाबतीतही तसंच. ‘क्लोज्ड हेड इंज्युरी’ म्हणजे कन्कशन नव्हे. शुद्ध हरपल्याचा कालावधी ३० मिनिटं किंवा कमी असा कळला तर एस०६.०एक्स१ए, शुद्ध हरपली पण किती वेळ ते लिहिलं नाही तर एस०६.०एक्स९ए, हरपली की नाही हेच ठरवता आलं नाही असं डॉक्टर लिहितात तेव्हा एस०६.०एक्सएए. यातल्या शेवटच्या कोडात ‘ए’ दोनदा येतो आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे: पहिला शुद्धीची स्थिती अज्ञात असल्याचा, दुसरा भेटीचा. घाईत टाइप करताना एक ‘ए’ गाळला की कोड अवैध ठरतो. मेंदूच्या इजेसोबत ग्लासगो कोमा स्केलचे (शुद्धीची पातळी आकड्यांत मोजण्याच्या पद्धतीचे) आर४०.२ गटातले कोड लावताना आकडे अॅम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांच्या किंवा नर्सच्या नोंदीतून घेता येतात. मात्र मेंदूच्या इजेचं निदान डॉक्टरांचंच हवं. डावी-उजवी बाजूही डॉक्टरांनी लिहिली नसेल तर इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून घेता येते. दोन नोंदींत बाजू वेगळी आली तर डॉक्टरांना विचारायचं.

‘संशयित’, ‘बहुधा’, ‘रूल आउट’ (हे नाही ना, ते तपासायचं) हे शब्द इमर्जन्सीच्या, म्हणजे बाह्यरुग्ण चार्टात कोड करता येत नाहीत. तिथे लक्षणापर्यंतच जायचं. दाखल रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी हेच शब्द असतील तर हॉस्पिटलच्या बाजूचा कोडर ते निदान असल्यासारखं कोड करतो. सहा महिन्यांच्या कोडरची गल्लत इथे होते, कारण एका दिवशी तो दोन्ही प्रकारचे चार्ट पाहतो.

आता ‘ए’ आणि ‘डी’. ‘ए’ला ‘इनिशियल’ म्हणतात आणि सगळा गोंधळ त्या नावाने होतो. ‘ए’ म्हणजे पहिली भेट नव्हे. रुग्णावर त्या इजेसाठी सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ‘ए’, मग डॉक्टर बदलले तरी. मनगटाजवळ हाड मोडलेल्या माणसाला इमर्जन्सीत स्प्लिंट लावून घरी पाठवलं, सहाव्या दिवशी सर्जनने प्लेट बसवली: दोन्ही वेळा ‘ए’. त्यानंतर टाके काढायला, हाड जुळतंय का याचा एक्स-रे बघायला, प्लास्टर बदलायला, फिजिओथेरपीला आला की ‘डी’. अशा वेळी आफ्टरकेअरचा (नंतरच्या देखभालीचा) ‘झेड’ कोड लावायची सवय असेल तर सोडा. इजेच्या बाबतीत ते काम ‘डी’ करतं.

फ्रॅक्चरमध्ये ही अक्षरं वाढतात. बंद फ्रॅक्चरला ‘ए’, उघड्याला (त्वचा फाटून जखम झालेल्याला) ‘बी’, आणि कोपराखालचा हात, मांडी व पायाच्या लांब हाडांच्या एस५२, एस७२, एस८२ या गटांत गुस्टिलो वर्गीकरणाचा (उघड्या फ्रॅक्चरची तीव्रता सांगणाऱ्या प्रकारांपैकी) तिसरा प्रकार असेल तर ‘सी’. पुढच्या भेटींत हाड नीट भरत असेल तर ‘डी’, ‘ई’, ‘एफ’. उशिरा भरत असेल तर ‘जी’, ‘एच’, ‘जे’. जुळलंच नाही तर ‘के’, ‘एम’, ‘एन’. वाकडं जुळलं तर ‘पी’, ‘क्यू’, ‘आर’. प्रत्येक त्रिकुटात पहिलं अक्षर बंद फ्रॅक्चरचं, दुसरं उघड्या पहिल्या-दुसऱ्या प्रकाराचं, तिसरं उघड्या तिसऱ्या प्रकाराचं. हे कळलं की पाठ करावं लागत नाही. उजव्या नडगीचा तुकडे झालेला, जागेवरून सरकलेला, गुस्टिलो दोनचा फ्रॅक्चर इमर्जन्सीत एस८२.२५१बी आणि पाच आठवड्यांनी ठीक भरत असताना एस८२.२५१ई. मधल्या काळात क्लिनिकच्या टेम्प्लेटने ‘उघडं’ हा शब्द गाळला म्हणून ‘डी’ लावला, की त्याच हाडाचा पूर्वीचा क्लेम आणि हा क्लेम एकमेकांशी भांडतात. मागची नोट उघडून बघा.

उघडं की बंद हे लिहिलंच नसेल तर बंद धरायचं. सरकलेलं की नाही हे लिहिलं नसेल तर सरकलेलं धरायचं. हे दोन नियम कोडिंगच्या अधिकृत गाइडलाइनमध्येच आहेत. ते वापरायला हरकत नाही, पण चार्टात एक्स-रेचा अहवाल ‘सरकलेलं नाही’ म्हणत असताना नियमाच्या आड लपू नका.

बऱ्या झालेल्या इजेचा मागे राहिलेला परिणाम, म्हणजे सिक्वेला, दोन कोडांनी सांगायचा. आपल्या नमुन्यातल्या महिलेच्या कपाळावर वर्षभराने राहिलेला व्रण दाखवायला ती आली तर आधी व्रणाचा एल९०.५, मग मूळ इजेचा कोड शेवटी ‘एस’ लावून, आणि बाह्य कारणाचा कोडही ‘एस’ लावून. नुसता ‘एस’चा कोड पहिला टाकला तर क्लेम तिथेच अडतो.

बाह्य कारणांच्या ‘व्ही’ कोडांना नवीन लोक घाबरतात, कारण यादी प्रचंड दिसते. पण तिची रचना फार सरळ आहे. पहिला प्रश्न: जखमी कोण होता? पादचारी व्ही०० ते व्ही०९, सायकलस्वार व्ही१० पासून, मोटारसायकलवाला व्ही२० पासून, तीनचाकीतला व्ही३० पासून (आपली रिक्षा या खोलीत बसते), मोटारीतला व्ही४० पासून, पिकअप किंवा व्हॅनमधला व्ही५०, ट्रकमधला व्ही६०, बसमधला व्ही७०. दुसरा प्रश्न: कशावर आदळला? मोटारीच्या खोलीत व्ही४० माणूस किंवा जनावर, व्ही४१ सायकल, व्ही४२ दुचाकी-तीनचाकी, व्ही४३ मोटार-पिकअप-व्हॅन, व्ही४४ ट्रक-बस, व्ही४५ रेल्वे, व्ही४७ खांब-झाडासारखी स्थिर वस्तू, व्ही४८ धडकेविना, उदाहरणार्थ गाडी नुसती उलटली. तिसरा प्रश्न: चालवत होता की बसला होता, आणि सार्वजनिक रस्त्यावर की बाहेर? रस्त्यावर चालकाला ५, प्रवाशाला ६. रस्त्याबाहेर चालकाला ०, प्रवाशाला १. म्हणजे आपल्या चार्टातली चालक, समोर एसयूव्ही, रस्त्यावर: व्ही४३.५१एक्सए. समोर साधी मोटार असती तर ५२, पिकअप असता तर ५३, व्हॅन असती तर ५४. हरणाला धडकलेला चालक व्ही४०.५एक्सएक्सए, अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या चार्टांत हा नेहमी भेटतो. आधी झाडावर आदळून मग गाडी उलटली असेल तर ‘उलटली’ या शब्दाने भुलू नका, धडक झाली आहे, व्ही४७ लागतो.

रस्ता की रस्त्याबाहेर हे लिहिलं नसेल तर मोटारीच्या अपघातात सार्वजनिक रस्ता धरायचा. मॉलच्या पार्किंगमधली धडक मात्र रस्त्याबाहेरची: दोन मोटारी असतील तर चालकाला व्ही४३.०२एक्सए आणि जागेचा वाय९२.४८१. मोटारसायकलींच्या खोलीत ऑक्टोबर २०२२ पासून विजेवर चालणारी सायकल आणि इतर मोटारसायकल वेगळ्या झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या चीटशीटवरचे व्ही२० ते व्ही२९ मधले कोड तपासल्याशिवाय वापरू नका. ‘व्ही८९.२’, म्हणजे न सांगितलेला मोटार अपघात, हा शेवटचा पर्याय आहे. हकिकत वाचणाऱ्या कोडरच्या कामात तो क्वचित दिसायला हवा.

‘व्ही’ कोडाला जोडून जागेचा कोड लागतो: आपल्या चार्टात गावातला रस्ता म्हणून वाय९२.४१४, इंटरस्टेट असता तर वाय९२.४११. एअरबॅगने इजा झाली तर डब्ल्यू२२.१ गट, चालकाच्या बाजूची असेल तर डब्ल्यू२२.११एक्सए. एअरबॅग नुसती उघडली आणि इजा तिच्यामुळे झाली नाही, तर नाही. चालक हातातल्या फोनवर होता असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर वाय९३.सी२, पण ही नोंद पुढे कोर्टात वाचली जाऊ शकते, म्हणून ट्रायाजमधल्या (रुग्ण आल्याआल्या झालेल्या प्राथमिक नोंदीतल्या) ऐकीव ओळीवरून ती उचलू नये. जागा, कृती आणि काम-स्थितीचे, म्हणजे वाय९२, वाय९३ आणि वाय९९ चे कोड फक्त सुरुवातीच्या भेटीला एकदाच लागतात. ‘व्ही’ कोड मात्र उपचार चालू असेपर्यंत प्रत्येक भेटीला सातवं अक्षर बदलत सोबत राहतो. तो कधीही पहिला कोड असू शकत नाही. सर्व अमेरिकेत तो सक्तीचा नाही, काही राज्यं आणि काही पेअर (बिलाचे पैसे देणाऱ्या विमा संस्था) तो मागतात. माझं मत विचाराल तर अपघाताच्या चार्टावर तो नेहमी लावावा, कारण तो नसला की आरोग्य विमा कंपनी रुग्णाला ‘ही इजा कशी झाली’ अशी प्रश्नावली पाठवते, रुग्ण ती भरत नाही, आणि क्लेम तसाच लोंबकळतो.

दोन चार्टांबद्दल सावध राहा. पहिला: रुग्णाला काहीच होत नाही, नातेवाइकांच्या आग्रहाने तपासायला आला आणि काही सापडलं नाही. इथे अपघातानंतरच्या तपासणीचा झेड०४.१ पहिला. पण एखादं लक्षण असेल, साधी मानदुखी जरी, तर झेड०४.१ चालत नाही. दुसरा: गर्भवती. तिथे गर्भावस्थेतल्या इजेच्या ओ९ए.२१ गटातला कोड तिमाहीनुसार आधी येतो, इजा नंतर. गर्भाशी संबंध नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं असेल तरच झेड३३.१ (गर्भावस्था केवळ सोबत असल्याचा).

टाक्यांचं गणित सीपीटीत, म्हणजे उपचारांच्या कोडयादीत, होतं. चेहऱ्यावरची साधी जखम २.६ ते ५ सेंटिमीटर असेल तर १२०१३. आपल्या चार्टात दोन थरांत टाके आहेत, म्हणून मध्यम प्रतीचा १२०५२. कपाळ चेहऱ्यात मोजतात, डोक्याची केसांखालची त्वचा नाही. एकाच प्रतीच्या आणि एकाच गटातल्या जखमांची लांबी बेरीज करून एकच कोड. चेहऱ्याची आणि हाताची बेरीज करत नाहीत. काचेचे कण काढणं टाक्यांच्या कोडात धरलेलं असतं. इमर्जन्सीच्या ९९२८१ ते ९९२८५ मधल्या भेटीच्या कोडाला मॉडिफायर २५ (भेटीचं काम प्रोसिजरहून वेगळं होतं असं सांगणारी जोड) लागतो. नुसत्या चिकटपट्ट्यांनी जखम बंद केली तर टाक्यांचा कोड नाही. ‘सुमारे एक इंच’ असं लिहिलेलं असेल तर स्वतः २.५४ करून पुढच्या कोडात उडी मारू नका. हद्द बरोबर २.५ वर आहे आणि ‘सुमारे’ या शब्दावर ती ओलांडता येत नाही; सेंटिमीटर विचारा.

कोड सगळे बरोबर असून क्लेम परत येतो तो बहुधा चुकीच्या दारात, म्हणजे चुकीच्या विमा कंपनीकडे, गेलेला असतो. डॉक्टरांच्या बिलाच्या सीएमएस-१५०० फॉर्मवर १०बी या चौकटीत ऑटो अपघात ‘हो’ आणि अपघात झाला त्या राज्याची दोन अक्षरं; रुग्ण राहतो त्या राज्याची नव्हेत. १४व्या चौकटीत इजेची तारीख. हॉस्पिटलच्या बिलाच्या यूबी-०४ फॉर्मवर घटनेचा प्रकार सांगणारे ऑकरन्स कोड: ०१ वैद्यकीय कव्हरेजचा, ०२ नो-फॉल्टचा (चूक कुणाचीही असो, पैसे देणारा विमा), ०३ टॉर्ट दायित्वाचा (चूक करणाऱ्याने द्यायची भरपाई), ०४ कामाशी संबंधित. चार्टात ‘तीन दिवसांपूर्वी अपघात’ एवढंच असेल तर तारीख काढून ठेवा आणि प्रत्येक भेटीत तीच ठेवा. एकाच अपघाताच्या दोन भेटींवर दोन तारखा गेल्या तर विमा कंपनी दोन घटना समजते.

डिनायलचा (क्लेम नाकारल्याचा) कारण-कोड बघा, तो बरंच सांगतो: १९ म्हणजे कामगार भरपाईने द्यावं, २० म्हणजे दायित्व विम्याने, २१ म्हणजे नो-फॉल्टने. १९ आला तर एचपीआय पुन्हा वाचा. डिलिव्हरी करत असताना अपघात झालेला असतो आणि वाय९९.० (कमाईचं काम करत असल्याचा कोड) तसंच कामाशी संबंध विचारणारी १०ए ही चौकट कुणी पाहिलेली नसते. मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) ऑटो आणि नो-फॉल्ट विम्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर असतं, पहिलं नाही. राज्यांचे नियमही वेगळे. फ्लोरिडात अपघातानंतर १४ दिवसांत पहिला उपचार घेतला नाही तर पीआयपी (वाहन विम्यातलं स्वतःच्या इजेचं नो-फॉल्ट संरक्षण) मिळत नाही, आणि तातडीची वैद्यकीय स्थिती असल्याचं ठरवलं नाही तर १०,००० डॉलरऐवजी २,५०० डॉलरवर मर्यादा येते. न्यूयॉर्कमध्ये मूळ नो-फॉल्ट मर्यादा ५०,००० डॉलर आहे आणि उपचाराचं बिल साधारणपणे ४५ दिवसांत पोचवावं लागतं. चार्ट क्वेरीत (डॉक्टरांना विचारलेल्या लेखी प्रश्नात) अडकून राहिला तर हे दिवस सरतात, म्हणून अपघाताच्या चार्टांवरच्या क्वेरी रांगेत सर्वांत वर ठेवा.

क्वेरी लिहिताना उत्तर डॉक्टरांच्या तोंडात घालू नका आणि पैशाचा उल्लेख करू नका. चार्टातलं वाक्य तारखेसह उद्धृत करा, पर्याय द्या, ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही त्यात ठेवा. ट्रायाज म्हणतं प्रवासी आणि एचपीआय म्हणतो चालक, असं असेल तर क्वेरी अशी: ‘ट्रायाज नोंदीत रुग्ण पुढच्या सीटवरील प्रवासी असल्याचं, तर आपल्या एचपीआयमध्ये चालक असल्याचं लिहिलं आहे. कृपया नोंद स्पष्ट करा: चालक / प्रवासी / इतर / सांगता येत नाही.’ उत्तर तुम्हाला मेसेजवर मिळालं तरी पुरत नाही. डॉक्टरांनी ते चार्टात अॅडेंडम (पुरवणी नोंद) म्हणून, तारीख आणि सहीसह टाकलं की मगच व्ही४३.५१ किंवा व्ही४३.६१ यांपैकी एक निवडा.